उकंड्याची नाचायची सीडी

यवतमाळ जिल्ह्यात माणसं नाचतात, हे बाहेरच्याला शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. त्या वर्षांत तर पटायचंच नाही. कापसाची ती वर्षं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. कॅमेरेवाल्या गाड्या यायच्या, शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहायच्या आणि एखादी बाई डोळ्याला पदर लावेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. बाई हसली की कॅमेरा बंद! अरे, हसली म्हणून तिचं दुःख बाद झालं का?

उकंडा गावंडेच्या डोक्यात तिडीक जायची ती यानंच.

बाभुळगावजवळच्या एका खेड्यातला हा पोरगा. त्याच्या आधी त्याच्या आईची, इंदुताईची, दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या हंसाबाईनं उचललं आणि सूपभर कोंडा घेऊन इंदुताईलाच परत विकलं. मरणाला वाटावं, हा टाकाऊ माल दिसतो, राहू दे. उकिरड्याला इकडे उकंडा म्हणतात, म्हणून तो उकंडा. बाप पुढं काविळीनं गेला. मग शेत, बैलजोडी, घर, सगळं इंदुताईनं एकटीनं ओढलं. "कोंड्याच्या भावात घेतला," ती लेकाकडे बोट दाखवून सांगायची, "पण दाणा निघाला बरं!"

दाण्याचं लक्ष मात्र शाळेत नव्हतं. बाभुळगावात एका माइकवाल्याकडे वायरी गुंडाळता गुंडाळता त्याला आवाजाचा नाद लागला, तो सुटलाच नाही. स्वतःचं छोटं साउंड सर्व्हिसचं दुकान झालं. एक जुना कॉम्प्युटर आला. नेरच्या पूनमसिंगचा ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा त्याचा कीबोर्ड उकंडानं घेतला. देताना पूनमसिंग म्हणाला होता, "भाई, पब्लिकचं तोंड पाहून वाजवू नको. तोंड झूट बोलते. पाय पाह्य." एवढंच त्याचं संगीताचं शिक्षण.

लग्नात सिनेमाची गाणी लावून लावून त्याचे कान किटले. त्याला स्वतःची सीडी करायची होती. एकट्यानं. गायक नाही, शब्द नाहीत, कोणाची उसनी चाल नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त नाच. कापसाच्या जिनिंगमधल्या पट्ट्याची खटखट, मोटारपंपाची धकधक, बैलांच्या घुंगरमाळा, राळेगावच्या स्टँडवर थांबल्या थांबल्या थरथरणारी एसटी, असले आवाज त्यानं मोबाइलमध्ये धरले, कॉम्प्युटरवर कापले, जोडले आणि त्यांच्याखाली डफड्याचा ठेका घातला. नाव ठेवलं 'तोरण तुटलं'. पोळ्याला सगळे बैल तोरणाखाली उभे असतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेबाज कवनं, म्हणून होतात, तोरण तुटतं आणि सारा गाव एकदम उधळतो. त्या उधळण्याची ही सीडी.

पण स्टुडिओ कुठून आणायचा? त्या साली भाव पडलेला, म्हणून कापूस कोणी विकत नव्हतं. इंदुताईच्या मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत भरला होता. उकंडानं त्यातच बीळ केल्यासारखी जागा केली आणि कॉम्प्युटर मांडला. बाहेरचं कुत्रं भुंकलेलं आत ऐकू येईना.

"अबे, कापसात बसून राह्यला! आंगभर खाज सुटन ना!" इंदुताई दारातून ओरडायची.

"माय, मुंबईले लोक भिंतीले गाद्या ठोकतात आवाजासाठी. आपल्या घरी फुकटात हाय."

खाज सुटली ती सुटलीच, पण फसगत वेगळी झाली. कापूस खालचा जाड आवाज, धूम म्हणतात तो, गिळून टाकत होता. उकंडाला वाटे, धूम कमीच आहे. तो वाढवत गेला. पुढं कापूस गाडीत भरून गेला, खोली रिकामी झाली, आणि त्यानं हौसेनं सीडी लावली. पहिल्याच ठेक्याला फळीवरचे डबे खाली आले.

"माय व! भूकंप आला का काय!" इंदुताई अंगणात पळाली.

उकंडानं कपाळावर हात मारला. कापसात बसून आवाज जोखला, दुसरं काय होणार? सगळं पुन्हा करायचं त्यानं ठरवलं. पण त्याच आठवड्यात सलीलसाहेब आले.

सलीलसाहेब मुंबईचे. टीव्हीसाठी जिल्ह्यावर माहितीपट करत होते. त्यांना इथलाच आवाज हवा होता, म्हणून कोणीतरी उकंडाचं दुकान दाखवलं. उकंडानं बिचकत सीडी लावली, धूम जरा खाली घेतली. साहेब डोळे मिटून बसले. पण त्यांच्या बुटाचा चवडा ठेक्यावर हलत होता. उकंडानं तो बरोबर पाहिला.

सीडी संपली. साहेबांनी डोळे उघडले. "छान आहे रे. पण यात वेदना कुठे आहे?"

"नाचाची सीडी हाय साहेब. वेदना कायले टाकू? मीठ हाय का ते?"

साहेब समजूतदारपणे हसले. तसं हसणाऱ्या माणसाचा भारी राग येतो. मग त्यांनी आवाज खाली आणला. "वडील नाहीत ना तुझे? म्हणजे... त्यांनी काही घेतलं होतं का?"

"नाई. कावीळ झालती."

"अच्छा," साहेब म्हणाले, आणि त्यांचं तोंड उतरलं. देवाशप्पथ उतरलं! माणूस मेला याचं वाईट नाही, काविळीनं मेला याचं वाईट! आमच्या मरणातही यांना निवड हवी.

तरी ते घरी आले आणि चहा पिता पिता इंदुताईसमोर माइक धरला. "मावशी, फार नको. थोडे हुंदके दिलेत तरी चालतील. तुमच्या मुलाच्याच संगीतावर लावू."

इंदुताईनं त्यांच्यापुढचा कप उचलून घेतला. अजून अर्धा भरलेला होता. "रडणं काय कोंबडीचं अंडं हाय बापा, मागतलं का द्यायचं? दोन लेकरं मातीत ठेवली तवा रडली मी. नवरा गेला तवा रडली. तवा तुमी कुठं होते? आता मले वावरात निंदाले जायचं हाय. उठा."

साहेब उठले, पण जाताना अंगणात त्यांनी उकंडाच्या खांद्यावर हात ठेवला. "सीडी दे. लोकांपर्यंत पोचवतो."

आता पोरगा भोळा म्हणा, हावरा म्हणा. आपलं काम कोणीतरी ऐकावं ही हाव कोणाला नसते? "नाचाची म्हनूनच वाजवा साहेब," तो म्हणाला. "बाकी काई नाई मागत."

"अर्थात!"

तो कार्यक्रम लागला त्या दिवशी पोलीस पाटील भगवानरावांच्या ओसरीवर सगळा गाव टीव्हीपुढं बसला. आधी कापसाची वाळलेली पऱ्हाटी दिसली. मग संगीत सुरू झालं. उकंडाला आपलंच मूल ओळखू येईना. ठेका ओढून ओढून मुडद्यासारखा संथ केला होता. धूम कापून टाकली होती. घुंगरमाळा तेवढ्या लांबून वाजत होत्या आणि वरून कोण कुठली बाई हुंदके देत होती. शेवटी पाटी आली: शोकसंगीत, उकंडा गावंडे.

ओसरीवर बायामाणसं डोळे पुसत होती. भगवानरावांनी त्याची पाठ थोपटली. "गावाचं नाव काढलं पोरा! काळीज हाललं."

उकंडा बाहेर गेला आणि साहेबांना फोन लावला.

"अरे, नाव दिलंय ना तुझं?" साहेब म्हणाले. "लोक रडले. आणखी काय पाहिजे कलाकाराला?"

"साहेब, मले पाय हलवाचे होते. तुमचाबी हालला होता. मी पाह्यला."

फोन कट झाला.

चोरानं बैल नेला तर दावं तरी उरतं. इथं तेही उरलं नाही. लग्नाचं ठरवायला माणसं यायची आणि आधी बजावायची, "उकंडाभाऊ, ते तुमचं मयतीचं नका लावजा." त्यानं नाचासाठी केलं, आणि आता त्याच्यावर नाचणं अपशकून झालं होतं. पोरानं कीबोर्डवर चादर टाकली. इंदुताई ती चादर रोज पाहायची आणि दात-ओठ खायची.

पोळा आला. गावाचा माइक उकंडाचाच असायचा. त्यानं भगवानरावांना विचारलं, "काका, बैलं घरी गेल्यावर माही सीडी लावू का?"

"अबे, पोयाच्या दिवशी रडगाणं लावतं? येडा झाला का?"

"रडगाणं नाई ते!" उकंडा एवढ्या जोरात ओरडला की भगवानराव दचकले. "एक डाव ऐका तं खरं. मंग फोडून टाका!"

"लाव बापा," भगवानराव पुटपुटले. "पण बैलं गेल्यावर."

पारासमोरच्या मैदानात बैल आले, सजलेले. झडत्या झाल्या. एकानं कॅमेरेवाल्यांवरच रचलेली म्हटली, "टीव्हीवाला आला गावा, चहा मागे ताजा, रडली बाई तं घेतो फोटो, हसली तं मोडते बाजा!" हर हर महादेव झाला, लोक हसले. तोरण तुटलं, बैल घराकडे पळाले, धूळ खाली बसली.

उकंडानं कापसात बसून केलेली ती पहिलीच सीडी लावली. चुकीची धूम तशीच होती. दुरुस्त करायचं मनच झालं नव्हतं. बटण दाबलं आणि पाराच्या दगडातून आवाज तळपायात शिरला. घुंगरमाळा कडाडल्या.

कोणी हललं नाही. त्याच घुंगरमाळा, टीव्हीवरच्या. माणसं खाली मान घालून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं तर मयतीत काढतात तशी डोक्यावरची टोपी काढली.

ती टोपी पाहून उकंडाचा जीव गेला. त्याचा हात बटणाकडे वळला.

"हात लावू नको!"

इंदुताई बायांच्या घोळक्यातून निघाली. पदर कमरेला खोचला. मैदानाच्या मधोमध आली आणि नाचायला लागली. विधवा बाई, उभा गाव समोर, सणाचा दिवस. आधी तिचा पाय चुकला. मग तिला ठेका सापडला, तसे तिनं दोन्ही हात वर केले. कोणीतरी कुजबुजलं, "लाज सोडली बाईनं."

"सोडली!" ती नाचता नाचताच म्हणाली. "दोन लेकरं पुरली तवा तुमच्या लाजेनं एक तरी परत आणलं का? हे तिसरं. उकिरड्यावरून आणलं. ह्यानं नाचासाठी केलं, अन् तुमी त्याच्यावर टोप्या काढता!"

हंसाबाई पुढं झाली. मग तिची सून. भगवानरावांचं तोंड अजून कडूच होतं, पण उकंडा तोंड पाहत नव्हता. चपलेतला त्यांचा चवडा उचलत होता, टेकत होता. म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि धोतर सावरत तोही मैदानात घुसला.

धुळीनं इंदुताईचे केस पांढरे झाले होते. तिला दम लागला होता, पण ती थांबत नव्हती.

"उकंड्या!" ती ओरडली. "लाव त्या साहेबाले फोन! आण म्हणाव आता कॅमेरा!"