सावद्याच्या प्रयोगात उठलेली बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या मित्रांना नाही, आमच्या नाटकमंडळींना तर नाहीच. आणि मी गप्प बसणारा माणूस नाही — हे आधीच सांगून ठेवतो. जळगावात कुठे मोर्चा निघाला की पत्रक माझ्याच हातचं असतं. ‘जाब विचारा.’ ‘गप्प बसणारे सामील आहेत!’ असली वाक्यं मी चहा पिता पिता लिहितो. उद्गारचिन्हासकट लिहितो. मग हे एवढं एक माझ्या घशात अडकून कसं राहिलं?

सांगतो. पण थोडं फिरून यावं लागेल. आमचं नाटक काय होतं ते कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

आमची संस्था अगदी लहान. मेहरूण तलावाजवळ एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये तालमी. अनुदान नाही, नाव नाही. नियम मात्र एक पक्का — नवं नाटक करायचं नाही. मागच्या पिढ्यांनी इथल्या गावागावांत केलेली, नंतर कपाटात गेलेली नाटकं शोधायची आणि पुन्हा उभी करायची. आमचे दिग्दर्शक भाऊ. बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. ते म्हणायचे, “नवं लिहायची घाई काय आहे रे? जुन्या प्रश्नांना अजून उत्तरं कुठे मिळालीत?” हे मला पटलं म्हणून मी त्यांच्यात गेलो. अभिनय मला येत नाही. सुनंदा — आमची सगळ्यात मुरलेली नटी — तोंडावर म्हणायची, “तू स्टेजवर आलास ना, की वाटतं आता हा वर्गणी मागणार.”

ज्या नाटकाबद्दल बोलतोय ते सत्तरच्या दशकातलं. सूतगिरणीतल्या कामगारांचं. स्टेजवर एक चेअरमन भाषण करत असतो. बोलता बोलता तो एक धडधडीत खोटं वाक्य बोलतो. त्याबरोबर प्रेक्षकांतून कुणीतरी उठतं आणि ओरडतं — हे खोटं आहे! स्टेजवरचे दोन हवालदार खाली उतरतात, त्या माणसाला दंडाला धरून खुर्च्यांमधून ओढत बाहेर नेतात. भाषण पुढे चालू. शेवटी चेअरमन झालेला नट टोपी काढतो, हॉलमधले दिवे लागतात, आणि तो प्रेक्षकांना विचारतो, “मघाशी त्या माणसाला ओढून नेलं. तुमच्यातलं कोण उठलं?” बस्स. पडदा.

प्रेक्षकांत पेरलेल्या त्या पात्राला आम्ही आपसांत ‘उठ्या’ म्हणायचो. भाऊंचा दंडक असा, की उठ्या कोण आहे हे हवालदारांना माहीत नसायचं. “ओळखीच्या माणसाला धरताना हात मऊ पडतो,” ते म्हणायचे. जो उठेल त्याला धरायचं, विचार करायचा नाही. म्हणून दर प्रयोगाला उठ्या वेगळा. कधी मी, कधी सुनंदा, कधी त्या गावातलंच कुणी, दुपारी बसवून तयार केलेलं. निवड माझ्याकडे. कोण उठणार हे फक्त मला ठाऊक. भाऊसुद्धा विचारायचे नाहीत. त्यांना ती गंमत आवडायची.

हे नीट लक्षात ठेवा — फक्त मला ठाऊक.

सावद्याला प्रयोग ठरला तेव्हा मी भाऊंच्या मागे लागलो की गिरणी काढू, केळी आणू. सावद्यात सूतगिरणीचं कुणाला काय? इथे बागा आहेत, ट्रक भरणारे मजूर आहेत, मुकादम आहेत. त्या भागात ट्रक भरताना वर चढलेला एक पोरगा विजेच्या तारेला लागून गेला होता, एवढं माझ्या कानावर आलं होतं. मुकादमाचं म्हणणं, तो त्या दिवशी कामावर नव्हताच. पिऊन आला आणि आपणहून चढला. मी चिडलो. चिडून चेअरमनच्या भाषणात वाक्य घातलं — “आमच्या शिवारात कामावर असताना आजवर एकही मजूर दगावलेला नाही. जो गेला, तो आपल्या मस्तीनं गेला.” फार धारदार वाटलं मला ते. त्या पोराच्या घरी जाऊन आलो का मी? नाही. त्याचं नाव तरी विचारलं? नाही. मला वाक्य मिळालं होतं — पुरे झालं.

प्रयोगाला गर्दी चांगली होती. पुढच्या रांगेत गावातली प्रतिष्ठित मंडळी, मागे बागेतले मजूर. आयोजकांनी टेम्पो पाठवून आणलेले. त्या दिवशीचा उठ्या मीच. मधल्या रांगेत कडेला बसलो होतो, वाक्य तोंडात घोळवत. चेअरमन बोलला — जो गेला, तो आपल्या मस्तीनं गेला. मी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकले —

आणि माझ्या मागून आवाज आला.

“खोटं बोलतो हा! माह्या दिनेश कामावरच व्हता!”

मागे वळून पाहिलं. पन्नाशीची बाई. हिरवं लुगडं, एक हात छातीवर आवळलेला. ती स्टेजकडे बघतच नव्हती. तिचं बोट पुढच्या रांगेतल्या एका माणसावर होतं. “यानंच चढवला त्याले वर. तार दिसते म्हनत व्हता पोरगा माह्या. यानं शिवी देऊन चढवला. तो दारू पेत नव्हता हो — कधीच पेत नव्हता!”

दांड्यावर टेकलेले हात मी काढून घेतले. तुम्हाला वाटेल, मला समजलं नसेल, गोंधळ झाला असेल. नाही! गोंधळ सगळ्यांचा झाला, माझा नाही. उठ्या मी होतो आणि मी तर बसलेलो होतो. म्हणजे उठलेली बाई कोण, हे त्या भरल्या हॉलमध्ये एकट्या मला पहिल्या क्षणी कळलं.

आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो. पहिला विचार आला — काय जमून आलंय!

हवालदार झालेली आमची दोन्ही पोरं उतरली. शिकवल्याप्रमाणे, विचार न करता, दंडाला धरून. तिनं समोरची खुर्ची घट्ट पकडली. खुर्ची तिच्याबरोबर फरफटत गेली. त्यावर टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, “वा मावशी!” आणि ज्याच्याकडे तिनं बोट केलं होतं तो पुढच्या रांगेतला माणूस — तोच मुकादम — क्षणभर पांढरा पडला, त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या वर हात करून टाळ्या वाजवायला लागला.

तिला माझ्या खुर्चीला घासून नेलं. तिचा पदर माझ्या गुडघ्यावरून सरकत गेला. “हात लावू नको रे, माह्यं ऐकून तर घ्या,” ती म्हणत होती. मी उठलो असतो तर? ‘थांबा, ही आमची नाही’ — एवढं बोललो असतो तर? मला तर पगारी नोकरासारखं तेवढंच काम नेमून दिलेलं होतं. उठायचं आणि ओरडायचं. तेवढंच!

मी बसून राहिलो. नाटक पुढे गेलं. शेवटी दिवे लागले आणि आमच्या नटानं विचारलं, “तुमच्यातलं कोण उठलं?” — आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की भाऊ विंगेत रडले.

बाहेर आलो तर ती अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. आमची ती दोन हवालदार पोरं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरून उभी. “एक नंबर काम केलं मावशी! हाताला लागलं तर नाही ना?” ती त्यांच्या तोंडाकडे नुसती बघत होती. मी दारातूनच मागे फिरलो.

भाऊंनी मला कवेत घेतलं. “कुठून आणलीस रे ही बाई?”

मी म्हणालो, “इथलीच आहे. दुपारी बसवून घेतलं तिला.”

झालं. हेच ते. मोर्चात घसा फोडणाऱ्या माणसानं एका आईचं खरं, स्वतःच्या तोंडानं, खोटं करून टाकलं. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी लाच दिली नव्हती. मला शाबासकी हवी होती — आणि ती समोर उभी होती.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ. पुढच्याच तालमीत भाऊ म्हणाले, माझा दंडक राहू दे, आता उठ्या ठरलेलीच; ते शब्द पक्के करून टाक, सुनंदाला दे. मी दिले. तार दिसते म्हनत व्हता पोरगा माह्या — जसंच्या तसं. एक हात छातीवर कसा आवळायचा, तेसुद्धा मी सुनंदाला करून दाखवलं. “अरे वा,” ती म्हणाली, “वर्गणीवाल्याला अभिनय यायला लागला की!” सगळे हसले. मीही हसलो. त्या आठवड्यात मी एका मोर्चाचं पत्रक लिहीत होतो. मथळा होता — ‘आमचा आवाज चोरणाऱ्यांनो!’ तो लिहिताना माझा हात थांबला नाही. याचाच मला आज सगळ्यात मोठा धक्का बसतो.

मग ती आली. मेहरूणला, तालमीच्या जागी, भर दुपारी. बरोबर तिचा भाऊ. यावलहून बसनं आले होते. मी एकटाच पोस्टरं गुंडाळत बसलो होतो. तेव्हा मला तिचं नाव कळलं — रेलीबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातली; घरची जमीन पावसावरची, म्हणून मायलेक केळीच्या बागांत मजुरीला जायची.

ती चिडलेली नव्हती. हेच सोसवत नाही. ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “तू नाटकवाला ना दादा? मले एक समजत नाही. मी बोलली तवा एवढे लोक टाळ्या वाजवत व्हते. मग आता एकबी माह्या बाजूनं काऊन बोलत नाही?”

भावानं बाकीचं सांगितलं. टाळ्या ऐकून तिला वाटलं, अख्खा गाव आपल्या बाजूनं आहे. त्या बळावर ती पोलिसांकडे गेली, म्हणाली, सगळ्या सावद्यासमोर सांगितलं मी, विचारा कुणालाही. पोलिसांनी विचारलंही. मुकादम म्हणाला, साहेब, ती नाटकातली बाई आहे, सगळ्या गावानं पाहिलंय. आणि गावानं मान डोलावली. का नाही डोलावणार? आता ती बाजारात गेली तरी पोरं मागून ओरडतात — ए नाटकवाली, एकदा रडून दाखव!

“तू फक्त एवढं सांग तिथं येऊन,” ती म्हणाली, “का मी तुमच्यातली नव्हती.”

एक वाक्य. लांबलचक भाषण नाही, मोर्चा नाही. एक वाक्य.

“सोमवारी येतो, यावलच्या स्टँडवर थांबा,” मी म्हणालो.

“नक्की ना, दादा?” तिचा भाऊ म्हणाला.

“नक्की.”

सोमवारी धुळ्याला आमचा प्रयोग होता. हे मला ‘नक्की’ म्हणताना माहीत होतं. ती दोघं यावलच्या स्टँडवर थांबली. भावाचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. नंतर मी स्वतःला पुष्कळ काही ऐकवलं — संस्था बदनाम होईल, भाऊ या वयात खचतील, मुकादमासारख्यांना आयतं कोलीत मिळेल. सगळं थोतांड. मला भाऊंच्या डोळ्यांत माझा फोटो बदललेला बघायचा नव्हता, एवढंच. त्यानंतर रेलीबाई पुन्हा आली नाही. तिच्या दिनेशच्या नावापुढे कागदावर अजून तेच आहे — कामावर नव्हता, दारूच्या नशेत चढला. आमचे प्रयोग चालू आहेत.

धुळ्याचं सांगायचं राहिलं. हॉल गच्च भरला होता. मी प्रेक्षकांत बसलो होतो, शेजारी धोतर-टोपीतले एक आबा, खेड्यावरून आलेले. दोन रांगा पुढे सुनंदा उठली. हात छातीवर आवळला. रेलीबाईचे शब्द रेलीबाईच्याच बोलीत सगळ्या हॉलभर गेले. तिला ओढून नेत होते तेव्हा आबांनी टोपी काढून तोंडावर धरली. खांदे हलत होते. मग माझ्याकडे वाकून, दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, “हाई खरंच घडेल शे का, भाऊ?”

हे खरंच घडलंय का, असं विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. अगदी शेजारी. एका हाताच्या अंतरावर.

“नाही, आबा,” मी म्हणालो. “नाटक आहे.”

त्यांनी सुस्कारा सोडला. डोळे पुसले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या.