लाल डोक्याच्या खुंट्या

पोराने गुन्हा केला तर त्याच्या आईबापांनाही जाब विचारला पाहिजे, असं कोणी ऐटीत म्हणालं की माझं डोकं फिरतं. विचारा की, जरूर विचारा. फक्त आधी एवढं बघा, की पोराला त्या कामाला लावणारा कुठे बसलाय. आमच्या घरी तो ओट्यावर बसून पान खात होता. माझा सख्खा काका, वडिलांचा थोरला भाऊ.

साठच्या दशकातली ही गोष्ट. वडील वारले होते. आई, माझा भाऊ आणि मी, आम्ही तिघं बोईसरजवळच्या आमच्या गावी काकांच्या घरात राहत होतो. घर खरं तर दोघा भावांचं, पण वडील गेले आणि ते काकांचं झालं, आम्ही त्यात पोसले जाणारे. पोसले जाणारे! आई पहाटे गोठ्यातलं शेण काढायची, शेतात राबायची, सगळ्यांची पानं वाढायची आणि उरलंसुरलं घेऊन शेवटी जेवायला बसायची.

काकांशी ती कधी बोलली नाही. थोरल्या दिराशी बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचं झालं तर मला मध्ये घ्यायची. काका हातभर अंतरावर बसलेले असले तरी म्हणायची, "बाय, काकांना सांग, पान वाढलंय." मग तेच मी पुन्हा म्हणायचं. काका काय बहिरे आहेत का, असं मी एकदा विचारलं, तर आईनेच पाठीत धपाटा घातला.

त्या सुमारास तारापूरकडे मोठं सरकारी काम निघालं आणि बोईसरकडून जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले आले आणि भात कापलेल्या खाचरांमधून लाल डोक्याच्या लाकडी खुंट्या ठोकत गेले. त्यांची रांग आमच्या सगळ्यात चांगल्या शेतातून गेली. गावातले बाप्ये संध्याकाळी आमच्या ओट्यावर जमायचे, तावातावाने बोलायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. साहेबासमोर उभं राहायची हिंमत एकाचीही नव्हती. शेवटी काकांनी तोड काढली.

"खुंट्या पोरांना काढू दे. पोरांना कायदा लागत नाय."

सगळे हसले. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, कोणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले दुपारचं जेवायला बसले आणि पाच पोरांनी खुंट्या उपटल्या. चौघांनी आपापल्या वाट्याच्या खाडीत फेकून दिल्या. माझा भाऊ बारा वर्षांचा. आई सरपणासाठी किती लांब जाते ते तो रोज बघत होता. एवढं चांगलं वाळलेलं लाकूड पाण्यात कसं टाकायचं? त्याने ते घरी आणून चुलीपाशी ठेवलं. आईनेही सरपण म्हणून चुलीत सारलं. संध्याकाळी पोलीस आले तेव्हा चुलीतून एक खुंटी अर्धी बाहेर होती, लाल डोकं तसंच.

बाकीच्या चार बापांनी शपथेवर सांगितलं, आमचा पोरगा दिवसभर घरात होता. आदल्या संध्याकाळी हेच लोक आमचा चहा पिऊन हसत होते. मला ते चारही चेहरे अजून आठवतात आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

भावाला पालघरच्या कोर्टात उभं केलं. लहान म्हणून त्याला शिक्षा होणार नव्हती, पण घरच्या मोठ्या माणसाने हमी द्यायची होती, की पोरगा वर्षभर सरळ वागेल, नाही वागला तर मी जबाबदार. हमी द्यायला कोणी नसेल तर पोराला सुधारगृहात पाठवणार. न्यायाधीशांनी साहजिकच काकांना विचारलं. काकांनी हात जोडले.

"साहेब, बाप नाय त्याला. आयच्या लाडानं बिघडला. माजं ऐकत नाय तो. मी कशी हमी देऊ?"

मला वाटलं, उठावं आणि त्या जोडलेल्या हातांना कडकडून चावावं. काका जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मला ते अजून वाटतं.

"खुंट्या काढायला तुला कोणी सांगितलं?" न्यायाधीशांनी भावाला विचारलं.

भावाने काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. नाव घेतलं तर घरी गेल्यावर आपली भांडी अंगणात पडतील, हे भावाला पक्कं ठाऊक होतं. हमीला कोणी नसेल तर माझा नाइलाज आहे, असं न्यायाधीश म्हणाले.

तेव्हा आई पुढे झाली. पदर कपाळाखाली ओढलेला, काकांकडे पाठ केलेली.

"मी सांगितलं साहेब. सरपणाला पायजे होतं. माझा पोरगा माझ्या शब्दाभायेर नाय. हमी मी देते."

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "ऐकतो तुमचं?"

"ऐकतो."

आईचा अंगठा उठला. एवढ्या गावात कायद्याला जबाबदार माणूस सापडला तो कोण, तर जिला त्या खुंट्या कसल्या तेही माहीत नव्हतं ती बाई.

पालघर स्टेशनवर गाडीला वेळ होता. सकाळपासून आमच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. काका कुठेतरी गेले आणि कागदात गरम भजी बांधून घेऊन आले. पुडा त्यांनी भावाच्या हातात दिला, त्याची पाठ थोपटली.

"शाणा पोरगा हायेस. नाव नाय घेतलंस. घे, खा."

भावाने पुडा उघडला नाही. तो आईकडे बघत राहिला. आईने माझं मनगट धरलं, मला ओढून स्वतःच्या आणि काकांच्या मध्ये उभं केलं.

"बाय, काकांना सांग. माझ्या पोराला काय द्यायचं होतं, तं तिथं कोर्टात द्यायचं होतं."

काका हातभर अंतरावर होते. त्यांनी ऐकलं होतं. तरी मी सांगितलं, एकही शब्द न गाळता, बाकांवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले.

"परत सांग," आई म्हणाली.