मेंढपाळाच्या चित्रासमोरची मुलगी

तिचं नाव मी विचारलंच नाही. त्या दिवशी मी इतका वैतागलो होतो की कुणाचंच नाव विचारावंसं वाटलं नाही. संभाजीनगरातल्या आमच्या कलासंग्रहालयात दर शनिवारी नववी-दहावीच्या मुलांना चित्रं दाखवायचं काम माझ्याकडं आहे. त्या शनिवारी पाचोडकडच्या एका शाळेची मुलं आली होती. 'चित्र पाहून तुम्हाला काय वाटलं?' असा छापील कागद मी वाटला, आणि सगळ्यांनी एकमेकांचं बघून 'छान वाटलं' लिहिलं. एकानं तेवढं 'खूप' जोडलं होतं.

ही मुलगी मात्र काहीच लिहीत नव्हती. पेन वेणीत खोचून, हात मागं बांधून ती मेंढपाळाच्या मोठ्या चित्रासमोर कधीची उभी होती.

"तिला राहू द्या, सर," त्यांच्या बाई म्हणाल्या. "ती निम्मं वर्ष मेंढरांमागंच असते."

तरी मी चिडून विचारलं, "अगं, काहीतरी लिही. काय दिसतंय?"

"ह्यो माणूस मेंढरांचा नाय, सर," चित्रावरची नजर न काढता ती म्हणाली. "कुणाला तरी घोंगडं देऊन उभं केलंय."

त्या चित्रावर मी सहा वर्षं बोलत आलोय.

"कशावरून?"

"एकबी मेंढरू त्याच्याकडं बघंना. आपल्या माणसाकडं मेंढरं सारखी बघत्यात."

हे सगळ्यांना ऐकवावं म्हणून मी जोरात टाळी वाजवली आणि मागं वळलो. बाकीच्या मुलांतलं एकही माझ्याकडं बघेना.