बेव्हन केटलवेलचं बहिरं यंत्र

आमच्या काराकी गावात कुजबूज अशी होती, की बेव्हन केटलवेलने मुद्दाम बहिरं यंत्र घेतलं. घरात बायको मरणाला टेकलेली, आणि हा हरणांच्या शिकारीला जाताना असं यंत्र छातीला लावून गेला, की ज्याला बोलता येतं पण ऐकू येत नाही. म्हणजे ती गेली तरी कुणी निरोप धाडून ह्याला डोंगरातून खाली ओढू नये.

कुजबूज म्हणतो खरा, पण आमच्याकडे कुजबुजायला जागा आहे कुठे? एक पब, एक दुकान, एक शाळा, आणि पलीकडे वाइटोरो नदी, तीही सदा खळाळत असते. त्यामुळे आम्हाला कुजबूजसुद्धा ओरडूनच करावी लागते.

बेव्हन तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. रस्ते दुरुस्तीच्या टोळीत उभा जन्म गेला. दोन वाक्यांच्या मध्ये एवढा थांबायचा की समोरचा मधल्या वेळात बिअर आणून परत येई. एप्रिल, म्हणजे आमच्याकडचा हिवाळ्याच्या तोंडचा महिना, लागला की मात्र हा माणूस बदलायचा. नर हरणं माजावर येऊन कड्याकड्यांतून डुरकायला लागली की ह्याचे कान उभे. मग बूट तुपासारख्या चरबीने माखून काढायचे, बंदूक उघडून बसायचं, आणि वाइटोरोच्या वरच्या अंगाला, शिकाऱ्यांच्या खोपट्यात मुक्काम टाकायचा. नोला, त्याची बायको, म्हणायची, "माझ्याकडे बघून एकदा तरी डुरकला असता, तर मीही आयुष्यभर लिपस्टिक लावली असती."

अशी होती नोला. शाळेच्या कचेरीत बसायची, पण अख्खं गाव चालवायची. त्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघेल, पुढचं सांगत नाही. बेव्हनने जाहीर केलं की यंदा डोंगर बंद. नोलाने त्याहून मोठ्याने जाहीर केलं की जायचं. "सकाळपासून खुर्ची धरून माझ्याकडे टक लावून बसतो. मेलेली बाई बघायला आल्यासारखा. अरे, मला जरा मरू दे की निवांत!"

शेवटी ठरलं, जायचं, पण यंत्र घेऊन. तोवर बेव्हनने असलं काही खिशात ठेवलं नव्हतं. शनिवारी दोघं कॉलीनच्या दुकानात आली. आता त्याच वेळी मी तिथे होतो हा योगायोग. मी गॅसची टाकी घ्यायला गेलो होतो. टाकी तासभर निवडत होतो, एवढंच.

कॉलीनने काउंटरवर तीन यंत्रं मांडली, सगळी मुठीत मावणारी, नारिंगी.

"हे पहिलं नुसतं संकटाचं," ती म्हणाली. "पाय मोडला, बटण दाब, हेलिकॉप्टर येईल. नाही मोडला तर गप्प बसतं."

"माझ्यासारखं," बेव्हन म्हणाला.

"हे मधलं. ह्याच्यात संकटाचं बटण आहेच, शिवाय घरून निघताना ठरवून दिलेलं एक वाक्य रोज संध्याकाळी बटण दाबलं की पाठवतं. पण ऐकू येत नाही ह्याला. आणि हे तिसरं दोन्हीकडचं. तू लिही, तिने वाचायचं. तिने लिहायचं, तू वाच. वर हवामानही सांगतं."

बेव्हनने तिसरं उचललं. उलटंपालटं केलं, हातमोजा चढवून बटणं दाबून पाहिली. "थंडीत बॅटरी?"

"रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोप. नोला चिडणार नाही."

"मी कशाला चिडू? ह्याच्या थंड पायांना दुसरं कुणीतरी मिळालं," नोला म्हणाली.

"आणि झाडाखालून जातं का?"

"मोकळं आभाळ लागतं. घळीत बसून दाबलंस तर निरोप तिथेच कुजेल. उघड्यावर ये, पाच-दहा मिनिटं धीर धर. आणि पाठीवरच्या पिशवीला अडकवू नकोस, अंगावर ठेव. नदीत आधी पिशवी जाते."

हे वाक्य बोलून कॉलीन एकदम थांबली. बेव्हन खाली पाहू लागला. दुकानात माझ्या टाकीचा तेवढा आवाज झाला.

कारण बेव्हनचा धाकटा भाऊ ओवेन वाइटोरोतच गेला होता. फार जुनी गोष्ट. तेव्हा हे मुठीतले डबे नव्हते. शिकारी वायरलेसची पेटी पाठीवर वाहून न्यायचे, संध्याकाळी दोन झाडांना लांब तार बांधायचे आणि कान लावून बसायचे. शहरातून एक बाई हवामान वाचायची, मग एकेका खोपट्याचं नाव घेऊन घरून आलेले निरोप. सगळी खोपटी सगळ्यांचे निरोप ऐकायची. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सासूबाई मुक्कामाला आल्या. माझ्यासारख्याला तर सणच. तर एका संध्याकाळी त्या बाईने केटलवेल बंधूंचं नाव घेतलं: "आई आज सकाळी गेली. घरून निरोप आहे." रात्रभर पाऊस. सकाळी नदी फुगलेली. आमच्याकडे लहान पोरालाही शिकवतात की वाइटोरो फुगली तर काठावर चहा करून बसावं, बसणाराच म्हातारा होतो. ते दोघं बसले नाहीत. आईला शेवटचं बघायचं होतं. बेव्हन पुढे होता, तो पार झाला. मागे वळून पाहिलं तर ओवेन नव्हता. मायलेकांना एकाच दिवशी पुरलं.

तर दुकानात. बेव्हनने तिसरं यंत्र घट्ट धरलं होतं. नोला गोड आवाजात म्हणाली, "बेव्ह, तिकडे मोजे बघ जा. लोकरीचे. गेल्या वर्षीच्यातून अंगठा डोकावतो." तो गेला. नोला काउंटरवर पुढे झुकली. आणि नेमकं तेव्हाच बाहेर कुणीतरी हॉर्न बडवायला लागलं, कारण माझी गाडी दुधाच्या टँकरला आडवी लावली होती. जन्मभर लोकांच्या बोलण्याला कान लावून फिरलो, आणि नेमकं तेव्हा मला गाडी काढायला जावं लागलं! परत आलो तेव्हा पिशवी बांधून झाली होती, आणि तिच्यात मधलं यंत्र होतं. बहिरं. बेव्हन मोज्यांची जोडी हातात घेऊन नोलाकडे बघत होता.

रोजचं वाक्य त्या दोघांनी घरी ठरवलं: "मी ठीक आहे. चहा ठेव." चार डोंगर पलीकडून कोण चहाला येणार? पण नोलाला भारी आवडलं. संध्याकाळी तिच्या फोनवर ते उमटलं की ती आल्यागेल्याला दाखवायची आणि बहिणीला, मॉरीनला, खरंच किटली ठेवायला लावायची.

हिवाळा निघेल असं डॉक्टर म्हणाले होते. एप्रिलसुद्धा निघाला नाही. बेव्हन वर जाऊन काही दिवस झाले होते, आणि पावसाने दरी बुडवली होती. दुपारी नोलाला धाप लागली. रक्ताची गाठ म्हणे छातीत गेली. शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचा प्रश्नच उरला नाही. चार वाजता ती गेली. अंधार पडताना फोन वाजला: "मी ठीक आहे. चहा ठेव."

मॉरीनने किटली ठेवली. दुसरं काय करणार?

पाऊस थांबला, ढग उचलले, तेव्हा आमचा पोलीस दारात आला. म्हणाला, हेलिकॉप्टर तयार आहे, बेव्हनला घेऊन येतो. मॉरीन उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "नाही. कुणी वर जायचं नाही. नोलाने बजावलंय. नदी उतरेल तेव्हा तो येईल."

"अगं बाई, त्याला कळायला नको?"

"तो ठीक आहे. रोज सांगतोय ना."

मग सगळ्या गावाने वाट पाहिली. अंत्यविधी थांबला, हॅमची सँडविचेस दोनदा करावी लागली. आणि नदी उतरली तसा बेव्हन रस्त्याच्या टोकाला उतरून आला. पाठीवर मोठ्या शिंगांचं डोकं, आणि कापडात गुंडाळलेलं काळीज. नोलाला ते कांद्यावर परतून लागायचं. त्याने तिथेच लावून ठेवलेल्या गाडीपाशी मॉरीन उभी. शेजारी पबचा केव्ह, कारण पोचायला जीप त्याची.

बेव्हन लांबूनच हसला. "काय गं, चहा ठेवलास का?"

मॉरीन पुढे आली आणि तिने त्याचा हात धरला. त्याने पिशवी खाली ठेवली. शिंगं दगडावर खडखडली.

"कधी?"

तिने वार सांगितला.

"तेव्हा नदी?"

"काठोकाठ."

बेव्हनने मान हलवली. "मग बरोबर," तो म्हणाला.

हे दोन शब्द केव्हने ऐकले, आणि त्या संध्याकाळी पबमध्ये वाढले. बायको मेल्याचं ऐकून म्हणे "मग बरोबर"! मग दुकानातलं बहिरं यंत्र आठवलं, मग शिंगं आठवली, आणि गोष्ट झाली. बेव्हनच्या कानावर ती गेलीच. पबमध्ये कुणीतरी दारू चढल्यावर तोंडावर विचारलं, "काय रे, छान शांतता होती ना वर?" बेव्हनने ग्लास संपवला, नेहमीएवढाच थांबला, म्हणाला, "होती." आणि घरी गेला. पुन्हा कधी डोंगरात गेला नाही. ती शिंगं कोठारात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असायची. गेल्या हिवाळ्यात तोही गेला. एका शब्दाने त्याने गावाचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

त्याला पुरून आल्यावर कॉलीनने मला बाजूला घेतलं. मी टँकरसाठी बाहेर गेलो तेव्हा काउंटरवर काय झालं, ते तिने सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहितो.

बेव्हनला दोन्हीकडचं यंत्र हवं होतं. बहिरं नोलाने निवडलं. बेव्हनची आई गेली तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं, नदी उतरेपर्यंत पोरांना कळवू नका. नोला तेव्हा नवी नवरी होती. तिला वाटलं, पोरांना कळायला हवं. वायरलेसवरचा तो निरोप तिनेच पाठवला होता. हे बेव्हनला माहीत होतं, आणि त्याने ते कुणालाही सांगितलं नाही.