हिरव्या दोऱ्याची चादर

आमच्या दवाखान्याच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळे घडीमामा म्हणायचे. त्यांनी घातलेल्या घडीला इस्त्री लागायची नाही. चादरींच्या गाठोड्यांतून काय काय निघायचं! चमचे, चष्मे, एकदा तर दातांची कवळी. ती रुमालात गुंडाळून मामा वॉर्डावॉर्डांतून तिचं तोंड शोधत हिंडले. ते सापडल्यावरच डबा उघडून जेवायला बसले.

सुयाही निघायच्या. मामा त्या चिमट्याने उचलून, कागदाच्या कपात घालून हळूच आणून द्यायचे. "सिस्टर, तुमची वस्तू राहिली होती." तक्रार कधी नाही. आणि आम्हीही "ठेवा तिथे" म्हणून पुढच्या कामाला लागायचो.

त्यात मी तर सुयांचे धडे देणारी! दर महिन्याला नव्या मुलींना बजावायची, "टोचून झाली की सुई थेट जाड डब्यात. गादीवर नाही, ट्रेमध्येही नाही." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्या दिवशी नऊ नंबरच्या पेशंटचं रक्त घेतलं आणि शेजारच्याला भडभडून उलटी झाली. सुई चादरीवर ठेवून मी धावले. परत आले तोवर चादर बदललेली होती. सुई कुणीतरी डब्यात टाकली असेल, असं मनाला सांगितलं आणि शोधली नाही.

दुपारी ती रबरी हातमोज्यातून मामांच्या तळहातात घुसली.

मामांनी साबणाने हात धुतला, डॉक्टरांकडे गेले. चादर कुठल्या वॉर्डची, असं डॉक्टरांनी विचारलं. "ढिगातली होती, कळलं नाही," मामा म्हणाले. मग सगळ्या वॉर्डांत निरोप आला: सुई कुणाची ते सांगा. पेशंटला एचआयव्ही नाही असं कळलं तर मामांच्या गोळ्या थांबवता येतील, नाहीतर अठ्ठावीस दिवस घ्याव्या लागतील.

मी नऊ नंबरची फाइल उघडली. ऑपरेशनआधीच्या तपासण्या होत्या. एचआयव्ही नाही, रक्तातून पसरणारी दोन्ही प्रकारची कावीळही नाही. जीव भांड्यात पडला. मामांना काही होणार नाही, मग आपलं हसं कशाला करून घ्यायचं? त्याच महिन्यात मला वॉर्डची इन्चार्ज करणार होते. मी तोंडाला कुलूप घातलं.

गोळ्यांनी मामांना मळमळायचं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शाळा सुटली की त्यांची सहा वर्षांची नात धुलाईघरात यायची आणि मामा तिला उचलून टेबलावर बसवायचे. आता ते तिला दारातच थांबवायचे. उचलल्याने काही होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मन मानत नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी ती मला दारात रडवेली दिसली. "आजोबा मला घेतच नाहीत," म्हणाली.

मी आत गेले. "मामा, ती सुई माझी होती."

"माहीत आहे." त्यांनी हातातल्या चादरीचा कोपरा उलटून दाखवला. प्रत्येक वॉर्डचा वेगळ्या रंगाचा दोरा ते स्वतः शिवायचे. आमचा हिरवा होता.

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? वाटलं, तुम्हीच याल. आला नाहीत, तेव्हा काय ते समजलो. रिपोर्ट चांगला असता तर तुम्ही पळत आला असता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "रिपोर्ट चांगला आहे, मामा. सगळे चांगले आहेत."

"रिपोर्ट आज आला?"

हो म्हणाले असते तर खपून गेलं असतं. "नाही. त्याच दिवशी पाहिला होता."

मामा चादर अर्धवट घडीतच ठेवून दाराशी गेले, नातीला उचललं, आणि साठीला टेकलेला तो माणूस तिच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

"आजोबा, तुम्हाला कुणी मारलं?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी तिथेच उभी होते.