जिनातल्या शर्यती आणि आमचे दाजी

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, तेही पुरतं नाही. कोणी म्हणेल, या म्हाताऱ्याने कसला इतिहास लिहायचा? पण अमळनेरच्या जिनातल्या शर्यतींबद्दल ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी लिहिलं नाही, आणि जे पळाले त्यांच्यातला बहुतेक मीच उरलोय. तेव्हा मीच लिहिणार. कुणाला पटलं नाही तर त्याने आपलं वेगळं लिहावं.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. हंगाम सरला की त्याची चाकं थांबायची आणि कापसाच्या गंज्यांनी भरलेलं मोठं आवार मोकळं पडायचं. मालक मारवाडी शेठ, हौशी माणूस. त्यांनी आधी हमालांच्या शर्यती लावल्या, पाठीवर पोतं घेऊन पळायच्या. त्यात एकाची कंबर गेली, मग नुसत्या पळण्याच्या लावल्या. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, ऊन चढायच्या आत. चुन्याच्या फक्कीने लांबट गोल आखायचा, त्याला फेऱ्या मारायच्या. छोटी शर्यत, मोठी शर्यत, उंच उडी, लांब उडी, सगळं होतं. पण गर्दी मोठ्या शर्यतीला.

पुढे गोष्ट पसरली. सातपुड्यापलीकडून इंदूरच्या राज्यातले गडी यायला लागले, नवापूरच्या बाजूने बडोद्याचे, खालून हैदराबादचे. मुनीमजींनी फाटकावर पाटी लावली, ‘सार्वराष्ट्रीय शर्यती’. लोक हसले. मुनीमजी चिडून म्हणाले, “हसता काय? त्यांचा राजा वेगळा, त्यांचा कायदा वेगळा, नाक्यावर झडती देऊन येतात ते. मग राष्ट्र वेगळं नाही तर काय?” एका वर्षी हिंग विकणारा काबुली पळाला, सलवार खोचून. आणि मग कापूस खरेदीला आलेला जपानी पळायला लागला, तेव्हा हसणारे गप्प झाले. हा जपानी बुटका, पांढरे कापडी बूट घालायचा आणि हरला तरी सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. आम्ही सगळे अनवाणी.

मोठी शर्यत मी लागोपाठ तीन वर्षं जिंकलो. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे सांगतोच आहे, पण खरं आहे म्हणून सांगतोय.

चौथ्या वर्षी इंदूरच्या बाजूने जो गडी आला तो आमचा जावई.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सेंधव्याच्या पुढे दिलं होतं. दिवाळीला तिला माहेरी आणून सोडलं आणि न्यायला कोणी आलंच नाही. कारण काय, तर ती सासूला उलट बोलली. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोनदा निरोप धाडला. ‘येऊ’ एवढंच उत्तर. होळी गेली, पाडवा गेला. गावात बायका पाणवठ्यावर विचारायच्या, “अक्का, औंदा मुक्काम लांबना का वं?” अक्का घडा उचलायची आणि घरी यायची. घरात ती कामाला वाघीण. बोलायची मात्र कमी झाली होती. आखाजीला गावच्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. ती आधीपासूनच माहेरी, तिला कोणी झोक्यावर बोलवेना.

आणि दाजी आले ते तिला न्यायला नाही, शर्यतीला. त्यांच्याकडे ते पळण्यात पहिले होते. ओट्यावर बसून मिशीला पीळ देत म्हणाले, “आबा, तुमना पोरगा शर्यतीत लई पयस म्हणतात. पाहू तर खरं.”

आबांनी हसून हात जोडले. मग मला गोठ्यात बोलावलं. बैलाच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाव्हण्याच्या पुढे जायचं नाही.”

मी म्हणालो, “आबा, शर्यत आहे ती.”

“माले शर्यत शिकाडू नको. त्याचं मन राहिलं तर तो जाताना गाडीत तिला बसवून नेईल. नाही राहिलं तर ती या घरात म्हातारी होईल. आता तूच पाहाय.”

आमच्याकडे जावयाला पुढे जेवायला बसवतात, पुढे चालवतात, त्याच्या आधी कोणी ताटावरून उठत नाही. ते मला माहीत होतं. पण ते जेवणाच्या पंगतीत. फक्कीच्या रेघांत ते चालतं का, हे विचारायला माणूस नव्हता. आईला विचारलं तर ती डोळ्याला पदर लावून खापरावरच्या मांड्यांचं पीठ मळत बसली. अक्काला कोणीच काही विचारलं नाही. मीही नाही.

सकाळी आवार माणसांनी भरलं. आमच्या गावचे लोक गाड्या जुंपून आले होते. त्यांनाही बातमी होती. शेठजींनी बंदुकीचा बार काढला आणि आम्ही सुटलो.

पहिल्या दोन फेऱ्यांतच कळलं की दाजींचा दम माझ्या निम्मा. सरळ रस्त्याचा माणूस, वळणावर लटपटत होता. मी त्यांच्या खांद्यामागे. पुढे नाही, फार मागेही नाही, म्हणजे त्यांना वाटावं की चुरस चाललीय. हळू पळणं फार अवघड असतं, पाय आतल्या आत दुखायला लागतात. जिनाचे हमाल माझ्याकडचे, ते ओरडायला लागले, “अरे, झोपला का? काढ ना पुढे!” आणि दुसऱ्या कोपऱ्यातून आमचे चुलते नाना, हातातली काठी हलवून, “मांगे ऱ्हाय! मांगे ऱ्हाय!”

एक हमाल म्हणाला, “नाना, कोणता शे तुमना?”

नाना म्हणाले, “दोन्ही मनाच शेतस!” लोक हसले.

आबा हसले नाहीत. ते फाटकाशी पागोटं सावरत उभे होते. दर फेरीला त्यांच्यासमोरून जाताना मी बघायचो. ते दाजींकडे बघत असायचे.

शेवटच्या फेरीला मागून बुटांचा आवाज आला. चप चप चप. जपानी. तो इतका वेळ तिसरा होता आणि आपलं घड्याळासारखं पळत होता. बाहेरच्या अंगाने आला, माझ्याकडे एकदा पाहिलं, बहुतेक नवल वाटलं असेल त्याला, आणि मला टाकून, दाजींना टाकून पुढे गेला.

मला तो सापडला असता. शपथेवर सांगतो, निम्मी फेरी उरली होती आणि माझ्या छातीत अजून सगळा वारा शिल्लक होता. पण त्याच्यात आणि माझ्यात दाजी होते. त्याला धरायचं तर दाजींच्या पुढे जावं लागणार. हमालांचा गळा बसला ओरडून. बाजूने जागा मोकळी होती, दोन गाड्या जातील एवढी. मी त्या जागेकडे बघत बघत दाजींच्या मागे पळत राहिलो. जपानी पहिला, दाजी दुसरे, मी तिसरा.

जपान्याने वाकून आम्हाला नमस्कार केला. दाजींनी पागोटं आपटलं. “तुमना पोरगा मांगून फुसफुस करे, मना दम तोडा त्यानी!” आबा त्यांच्या अंगावरची धूळ झटकायला लागले. आपल्या धोतराच्या सोग्याने झटकत होते. मी बघितलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दाजी मांडे आणि आंब्याचा रस पोटभर जेवले. जेवल्यावर मन वळलं. म्हणाले, “साल्यापेक्षा पुढे आलो, एवढं तर गावात सांगता येईल. चला, करा तयारी.” आईने रडत रडत ओटी भरली. नाना मला म्हणाले, “शाब्बास रे.” आयुष्यात मला पुष्कळांनी शाब्बास म्हटलं, पण तेवढं ते एक मी घेतलं नाही.

गाडी जुंपली. दाजी पुढे धुरेवर. मी अक्काचं गाठोडं मागे ठेवत होतो. ती वाकली आणि दाजींच्या पाठीकडे बघत हळू म्हणाली, “भाऊ, तू पुढे गया ऱ्हाता ते हाऊ रुसी जाता. मी आठेच, माहेरमाच, ऱ्हाती.”

मी म्हणालो, “अक्का, आबांनी सांगितलं...”

“माले तठे जानं नही व्हतं,” ती म्हणाली. आणि पदर डोक्यावर ओढून घेतला, कारण दाजी मागे बघत होते.

मी आबांकडे पाहिलं. ते वेशीपर्यंत गाडीबरोबर चालत गेले, बैलांना थोपटत, किती हलके वाटत होते. आता जाऊन त्यांना काय सांगायचं? गाडी थांबवून दाजींना काय सांगायचं? मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. सगळ्यांनी जे सांगितलं तेच मी केलं. पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत मला उभ्या जागेवरून हलता आलं नाही.

शर्यती पुढेही चालल्या. लढाई लागली आणि जपानी लोक गेले, मग चळवळीच्या दिवसांत आवारात माणसं जमवायला बंदी आली, तेव्हा थांबल्या त्या थांबल्याच. दाजी पुन्हा आले नाहीत. अक्काला एकदा दोन दिवसांसाठी धाडलं, तेव्हा सासू बरोबर होती.

अक्का गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी मोठ्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे आलो. चांदीचं कडं मिळालं. त्या शर्यतीत सेंधव्याकडचा एक गडी होता. तो धापा टाकत खाली बसलेला, त्याला मी पाणी दिलं आणि अक्काचं विचारलं.

“बरी शे,” तो म्हणाला, आणि लोटा परत देऊन दुसरीकडे बघायला लागला.