दोघींनी मिळून सांगितलेल्या गोष्टी

पुण्यात मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला आलो आणि वर्षभर घरी बसल्यावर मला क्वीन्सटाउनजवळच्या एका लायब्ररीत अर्धवेळ काम मिळालं. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, एवढंच.

तिथे शनिवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगायच्या त्या माझ्या मलय सहकारी. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. सगळे त्यांना 'काक' म्हणत, म्हणजे मलयमध्ये ताई. मराठी कानाला त्यात कावळाच ऐकू येतो, म्हणून मी सरळ ताई म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. रजा संपवून त्या आल्या तेव्हा आवाज जवळजवळ गेलेला होता. परत येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. शनिवार माझ्या गळ्यात पडला.

"ताई, माझं इंग्लिश मुलांना कळणार नाही हो."

"तू वाच," त्या कुजबुजल्या. "बाकीचं मी करते."

माझी सुरुवात अडखळतच झाली. पुढ्यात बसलेली एक चिमुरडी खास सिंगापुरी इंग्लिशमध्ये शेवटी 'लाह' जोडून म्हणाली, "आंटी, लाउडर लाह!" मला घाम फुटला. तेवढ्यात वाघाचं पान आलं. ताई उठल्या, पंजे उगारले आणि डरकाळीसाठी तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही. त्यांचा चेहरा पडला. मी घाईने पान उलटणार, तोच मुलांना वाटलं, आता आपली पाळी! सगळ्यांनी मिळून अशी डरकाळी फोडली, की वर्तमानपत्र वाचणारे आजोबा दचकून उभे राहिले.

ताई हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पंजे तसेच वर.

त्यानंतर दर शनिवारी मी वाचायचे, ताई हातवारे करायच्या आणि आवाज मुलं काढायची. हळूहळू गर्दी इतकी वाढली, की मोठी सतरंजी मागवावी लागली.

पुढे उपचारांनी ताईंचा आवाज थोडा परतला, जाडाभरडा. मी म्हटलं, "आता तुम्हीच सांभाळा, मी मोकळी."

"मोकळी कसली? पुढच्या शनिवारी हत्तीची गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "त्यात माकडं खूप आहेत. मला एकटीला जमायचं नाही."

मग मी घरी आरशासमोर माकडाचा आवाज काढायला शिकले.